खेळाचा संगणक : आधीं शक्ति, मग चित्र

दहावी-बारावीचे निकाल लागले, कीं आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यांतील पुष्कळ घरांतून एक मागणी हटकून पुढें येते. टाळेबंदीच्या काळांत, म्हणजे २०२० सालीं, शाळाच घरांत आली तेव्हां काटकसर करून जो संगणक घेतला होता, त्यावर आतां चिरंजीवांचें समाधान होत नाहीं. 'याला ग्राफिक्स कार्ड बसवून द्या, म्हणजे खेळ नीट चालतील,' असा त्यांचा हट्ट असतो. कोठें कोठें ही मागणी कन्येकडूनही येते. घरांतील वडील माणसें यावर दोहोंपैकीं एक कांहींतरी करतात. कांहीं 'खेळासाठीं छदामही मिळणार नाहीं' म्हणून विषय संपवितात. कांहीं लाडाखातर पंधरा-वीस हजार रुपये हातावर ठेवून मोकळे होतात. पहिल्या प्रकारांत मन दुखावतें, दुसऱ्यांत बहुधा पैसा वायां जातो. आणि दोन्ही ठिकाणीं आपण नक्की काय नाकारलें किंवा काय दिलें, हें निर्णय घेणाऱ्यास ठाऊक नसतें.

आम्ही पेशानें शाळामास्तर. विद्युच्छास्त्राचे पंडित नव्हे. परंतु आप्तांच्या व शेजाऱ्यांच्या मुलांच्या निमित्तानें गेल्या कांहीं वर्षांत या विषयांत आम्हांस लक्ष घालावें लागलें. त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे कीं, यांत जेवढें कळणें अवश्य आहे तेवढें गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणाही गृहस्थास अगर गृहिणीस एका सायंकाळीं समजण्यासारखें आहे. आमच्या पाहण्यांत ज्यांचे पैसे बुडाले त्यांतील बहुतेकांचे कार्ड वाईट निघाल्यामुळें बुडाले नाहींत. ज्या पेटींतून त्या कार्डास वीज मिळावयाची, तिचा विचार कोणीं केलाच नव्हता, म्हणून बुडाले. हीच गोष्ट वाचकांच्या मनावर बिंबवावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

खेळास एवढें बळ कशास लागतें ?

पडद्यावरील चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी होय. हल्लींच्या साध्या पडद्यावर आडव्या ओळींत १९२० ठिपके असतात व अशा ओळी १०८० असतात. गुणाकार केल्यास एकूण ठिपके २०,७३,६०० भरतात. पत्र लिहितांना किंवा हिशोब मांडतांना ही रांगोळी जवळजवळ स्थिर असते. खेळांत मात्र रस्ता धांवतो, पाऊस पडतो, सावल्या हलतात. आणि ही हालचाल डोळ्यांस अखंड भासावी म्हणून सबंध रांगोळी सेकंदास साठ वेळां पुसून नव्यानें काढावी लागते. म्हणजे दर सेकंदास १२,४४,१६,००० ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा !

संगणकाचा मुख्य भाग जो प्रोसेसर, तो मोठा व्युत्पन्न असतो. त्याच्यांत चार-सहा शास्त्री बसले आहेत असें समजा; कोणताही कूट प्रश्न घातला तरी ते तो सोडवितील. परंतु बारा कोटी ठिपके रंगविण्याच्या कामास विद्वत्तेपेक्षां हातांची गरज अधिक. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हे हात. शाळेंतील नऊशें मुलें मैदानांत बसवून प्रत्येकास एकेकच सोपी बेरीज सांगावी, तसा हा प्रकार आहे. १९९९ सालीं एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीनें 'जीफोर्स २५६' हें कार्ड बाजारांत आणलें, तेव्हांपासून अशा चित्रगणकास 'जीपीयू' हें नांव रूढ झालें. त्याच कंपनीच्या २०१९ सालच्या 'जीटीएक्स १६५०' या बेताच्या कार्डावर असे ८९६ लहान गणक आहेत. स्वस्त संगणकांत स्वतंत्र कार्ड नसतें. तेथें चित्राचें काम प्रोसेसरमधील एक लहानसा भाग करतो, आणि त्यासाठीं लागणारी स्मृतिही मुख्य रॅममधूनच उसनी घेतो. म्हणून घरचा संगणक अभ्यासास चपळ आणि खेळास मंद वाटतो.

आतां, नऊशें हात राबवावयाचे म्हणजे त्यांस अन्नही तितकेंच हवें. त्या अन्नाकडे वळण्यापूर्वीं मात्र स्वस्त उपाय पाहून घेऊं.

आधीं सुई, मग कढई

संस्कृतांत 'सूचीकटाहन्याय' म्हणून एक न्याय आहे. लोहाराकडे एकानें कढई व दुसऱ्यानें सुई घडवावयास सांगितली, तर तो सुई आधीं घडवून देतो. अल्प श्रमाचें काम प्रथम उरकावें, हा त्यांतील बोध. आमच्या प्रस्तुत विषयास तो चांगला लागू पडतो.

पहिली सुई म्हणजे धूळ. कॅबिनेट उघडून पंखे व प्रोसेसरवरील जाळी साफ करावी. यंत्र तापलें कीं प्रोसेसर आपण होऊनच आपली गति कमी करतो, आणि घरच्यांस वाटतें कीं संगणक जुना झाला. दुसरी सुई म्हणजे रॅम. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी बसवावी. दोन पट्ट्या असल्या म्हणजे स्मृतीकडे जाण्यास दोन वाटा मिळतात. जेथें चित्राचा भाग रॅम उसनी घेतो तेथें हा फरक विशेष जाणवतो. तिसरी सुई फुकटची आहे. खेळाच्या मांडणींत जाऊन चित्र १२८० गुणिले ७२० ठिपक्यांवर आणावें. हे ठिपके ९,२१,६०० होतात, म्हणजे पूर्ण चित्राच्या निम्म्याहूनही कमी. चित्र किंचित् भरड दिसतें, पण खेळ धांवूं लागतो. हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी बसविल्यास संगणक व खेळ लवकर उघडतात, हाही चांगला खर्च आहे. मात्र त्यानें प्रत्यक्ष खेळांतील चित्राची गति फारशी वाढत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. कित्येक घरांत एवढ्यावरच काम भागतें आणि कढईची गरजच उरत नाहीं.

आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा

एवढ्यानें भागलें नाहीं, तर कार्डाचा विचार करावा. येथें दुसरा न्याय आठवतो, तो 'अंधपंगुन्याय'. आंधळा चालतो, पांगळा वाट दाखवितो, आणि दोघे मिळून मुक्कामास पोंचतात. खेळांत कोण कोठें आहे, चेंडू कोठें पडला, हें प्रोसेसर ठरवितो. तें दिसतें कसें, हें कार्ड रंगवितें. दोघांपैकीं एक दुबळा असला तर दुसऱ्याचें बळ वायां जातें. दहा-बारा वर्षांपूर्वींच्या प्रोसेसरजवळ चाळीस हजारांचें कार्ड बसविणें म्हणजे नऊशें मुलांस पाट्या देऊन गणितें सांगणारा मास्तर मात्र गैरहजर ठेवणें होय.

याच ठिकाणीं आणखी एक गोष्ट तपासावी. विंडोज १० या प्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीचा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ करितां इंटेलचे साधारणतः आठव्या पिढीचे वा त्यापुढील प्रोसेसर लागतात. कचेऱ्यांतून निवृत्त झालेले चौथ्या-सहाव्या पिढीचे संगणक बाजारांत थोडक्यांत मिळतात, व पुष्कळ घरांत तेच आहेत. अशा यंत्रांत पंधरा हजारांचें कार्ड घालण्यापूर्वीं, तीच रक्कम नव्या यंत्राकडे वळवावी काय, हा प्रश्न स्वतःस अवश्य विचारावा.

यंत्र त्या मानानें नवें असेल, तर निवड करण्याची एक सोपी कसोटी आहे. मदरबोर्डावरील ज्या खांचेंत कार्ड बसतें, ती खांच नियमाप्रमाणें फार तर ७५ वॅट वीज देऊं शकते. याहून अधिक भूक असलेल्या कार्डास निराळी तार जोडावी लागते. सहा खिळ्यांच्या जोडणींतून आणखी ७५ वॅट व आठ खिळ्यांच्या जोडणींतून १५० वॅट मिळतात. स्वस्त यंत्राच्या घरीं ७५ वॅटांच्या आंतील कार्डच शोभतें. जीटीएक्स १६५० हें ७५ वॅटांचें आहे. पण त्याचे कांहीं नमुने निराळी तार मागतात, म्हणून खोक्यावर पाहून घ्यावें. फेब्रुवारी २०२४ मधील 'आरटीएक्स ३०५०, ६ जीबी' हें ७० वॅटांचें आहे. मात्र येथें नांवावर भुलूं नये. त्याच 'आरटीएक्स ३०५०' नांवाचें ८ जीबीचें कार्ड २०२२ सालीं निघालें, आणि त्याची भूक १३० वॅटांची ! नांव एक, पण दोघांच्या पानांत वाढावयाचें अन्न जवळजवळ दुपटीच्या फरकाचें. एएमडी कंपनीचें 'आरएक्स ६४००' हें अवघ्या ५३ वॅटांचें; परंतु तें खांचेंतील केवळ चारच मार्ग वापरतें, त्यामुळें जुन्या मदरबोर्डावर तें मागें पडतें. 'जीटीएक्स १०५० टीआय' हें २०१६ चें कार्ड जुन्या बाजारांत अजून दिसतें. पण त्या पिढीच्या कार्डांस नव्या खेळांसाठीं लागणारे ड्रायव्हर देणें कंपनीनें २०२५ च्या अखेरीस थांबविलें आहे, म्हणून आम्ही तें सुचविणार नाहीं.

ज्या पेटीकडे कोणी पाहत नाहीं

अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ चें, म्हणजे इसवी सन १०६० चें आहे. दर वर्षीं हजारों लोक तेथें जाऊन भिंतींवरील कोरीव मूर्ति पाहतात व नवल करतात. पण साडेनऊशें वर्षें हा सारा भार ज्या पायावर उभा आहे, त्याची आठवण कोणास होत नाहीं. संगणकांतील पायाची गोष्ट अशीच आहे. कार्डावर रंगीत दिवे असतात, पंखे असतात, त्याचें नांव मुलें एकमेकांस सांगतात. कॅबिनेटच्या कोपऱ्यांतील जी काळी अगर करडी पेटी सर्वांस वीज पुरविते, ती मात्र दुकानदारानें कॅबिनेटबरोबर 'फुकट' दिलेली असते.

या पेटीस बाजारांत एस्. एम्. पी. एस्. म्हणतात. भिंतींतून २३० व्होल्टांची उलटसुलट वाहणारी वीज येते. ही पेटी ती प्रथम एकमार्गी करते, मग सेकंदास हजारों वेळां तोडून जोडते, लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन तिचा दाब उतरविते, आणि शेवटीं १२, ५ व ३.३ अशा तीन व्होल्टांत ती वांटून देते. जुन्या संगणकांची मुख्य भूक ५ व्होल्टांवर भागे. आजचे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सर्व वीज १२ व्होल्टांच्या तारेंतून घेतात. सगळी मख्खी येथेंच आहे.

पेटीच्या एका बाजूस ठळक अक्षरांत '४५० वॅट' असें छापलेलें असतें. तें वाचून थांबूं नये. खालीं बारीक अक्षरांत जो तक्ता असतो तो वाचावा. त्यांत १२ व्होल्टांच्या रकान्यांत किती अँपिअर लिहिले आहेत तें पाहावें, आणि त्यास बारानें गुणावें. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. आम्हीं पाहिलेल्या एका स्वस्त पेटीवर हा आंकडा १४ होता. १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॅट. बाकीचे वॅट कोठें होते ? ५ व ३.३ व्होल्टांच्या रकान्यांत, जेथें आतां त्यांस फारसें गिऱ्हाईक नाहीं. खऱ्या ४५० वॅटांच्या आधुनिक पेटीवर १२ व्होल्टांखालीं ३६ अँपिअरांच्या आसपास आंकडा असतो, म्हणजे ४३२ वॅट. कांहीं पेट्यांवर १२ व्होल्टांचे दोन रकाने असतात. त्यांची सरळ बेरीज करूं नये, दोहोंची मिळून मर्यादा निराळी दिलेली असते ती घ्यावी.

आतां घरच्या यंत्राचा हिशोब मांडूं. प्रोसेसर ६५ वॅट, कार्ड ७५ वॅट, आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून सुमारें ५० वॅट. बेरीज १९० वॅट. बारानें भागलें कीं जवळजवळ १६ अँपिअर. वरील '४५० वॅटां'ची पेटी १४ अँपिअरांवरच हात टेकते. उलट प्रामाणिक ३०० वॅटांची पेटी हें ओझें सहज वाहील. खेळाच्या ऐन भरांत क्षणभर भूक वाढते व पेटीही वर्षांगणिक थोडी थकते, म्हणून बेरजेच्या दीडपट धरावी. १९० ची दीडपट २८५. तेव्हां खरी ४०० ते ४५० वॅटांची पेटी पुरे. मुलगा १७० वॅटांचें 'आरटीएक्स ३०६०' मागत असेल तर बेरीज २८५ वर जाते व दीडपट सव्वाचारशेंच्या पुढें. या कार्डास खुद्द कंपनी ५५० वॅटांची पेटी सांगते.

पेटी अपुरी पडली तर काय होतें ? सौम्य प्रकार म्हणजे खेळ रंगांत आला कीं संगणक एकाएकीं बंद पडतो वा पुन्हां सुरू होतो. मुलगा कार्डास, खेळास किंवा महावितरणास दोष देतो. गंभीर प्रकारांत, अतिदाब वा शॉर्ट झाल्यास वीज तोडणारी जी रक्षणयोजना चांगल्या पेटींत असते, ती स्वस्त पेटींत गाळलेली असते, आणि पेटी मरतांना मदरबोर्ड, नवें कार्ड व डिस्क यांनाही बरोबर घेऊन जाते. त्या डिस्कवर मुलाचा अभ्यास असतो, घरचे हिशोब असतात, दिवंगत वडिलांचीं छायाचित्रें असतात. हजारों रुपयांच्या कार्डापेक्षां हें नुकसान मोठें. आणि तापलेल्या निकृष्ट पेटीजवळ रात्रीं मुलें एकटीं बसतात, हा विचार तर कोणाही आईबापांस स्वस्थ झोंपूं देणार नाहीं.

उल्हासनगरचें नांव निघालें कीं मुंबईकर हंसून 'मेड इन यू. एस्. ए.'ची गोष्ट सांगतात, यू. एस्. ए. म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', अशी ती थट्टा. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबें आलीं, १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें, आणि सर्वस्व मागें टाकून आलेल्या या माणसांनीं तेथें व्यापार व कारखानदारी उभी केली. ती हकीकत या थट्टेहून कितीतरी मोठी आहे. फसवें लेबल ही कोणा एका गांवाची मिरास नव्हे; मोठ्या शहरांतील झगझगीत दुकानांतही तीच पेटी त्याच आंकड्यानें विकली जाते. गुणाकार करणाऱ्या गिऱ्हाइकापुढें मात्र तिचें कांहीं चालत नाहीं. लेबल वाचतां येणें हाच खरा उपाय.

आणखी एक खूण सांगतों. २००४ सालापासून '८० प्लस' नांवाचें एक प्रमाणपत्र पेट्यांस मिळतें. पेटीवर वीसांश, अर्धा व पूर्ण भार टाकून पाहतात (वीसांश म्हणजे येथें शेंकडा वीस), आणि प्रत्येक वेळीं घेतलेल्या विजेपैकीं शेंकडा ऐशीं तरी तिनें पुढें पोंचविली पाहिजे. संगणकास २०० वॅट लागत असतील तर अशी पेटी भिंतींतून फार तर २५० घेते व ५० उष्णतेंत घालविते. पूर्ण भारावरही परीक्षा होते, म्हणून छापलेले वॅट खरे असल्याची ही एक आडून मिळणारी ग्वाहीच होय. कॅबिनेटबरोबरची पेटी पांच-सातशें रुपयांस येते, चांगली पेटी तीन-चार हजारांस. पण चांगलीस पुष्कळदां पांच वर्षांची हमी असते, आणि कार्ड बदललें तरी ती पुढच्या यंत्रांत चालते.

एक सावधगिरी मात्र हवी. डेल, एच्. पी. इत्यादि कंपन्यांच्या कचेरीवापरासाठीं बनविलेल्या पुष्कळ यंत्रांत पेटीचा आकार व मदरबोर्डाची जोडणी त्या कंपनीची स्वतःची असते. नेहमीची चोवीस खिळ्यांची पेटी तेथें बसत नाहीं. अशा यंत्राच्या मूळ पेटीवरील आंकडे सहसा खरे असतात, तेव्हां तीच ठेवून ७५ वॅटांच्या आंतील कार्ड बसवावें. कॅबिनेट अरुंद असल्यास आंखूड पट्टीचें कार्ड मागावें. एका तारेस दुसरी जोडून आठ खिळ्यांची जोडणी 'तयार' करून देणाऱ्या स्वस्त जोडतारांस घरांत थारा देऊं नये.

भिंतींतील वीज

आमच्या भागांत पावसाळा जोराचा. जुलै २०१९ मध्यें बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकली होती, तें वाचकांस स्मरत असेल. अशा दिवसांत वीज जाणें-येणें, तिचा दाब खालींवर होणें हें ओघानेंच येतें. म्हणून यूपीएस ठेवावा. परंतु त्याचाही आंकडा वाचावा. '६०० व्हीए' असें लिहिलेला यूपीएस पुष्कळदां ३६० वॅटांचाच असतो. पडद्यासह तीनशें वॅट घेणाऱ्या संगणकास तो खेळ आवरून यंत्र नीट बंद करण्यापुरतीं कांहीं मिनिटें देईल. तेवढाच त्याचा उपयोग. नवी पेटी बसविल्यावर यूपीएसचा प्लग एकदां काढून पाहावा. कांहीं चांगल्या पेट्यांचें स्वस्त यूपीएसच्या विजेशीं जुळत नाहीं, तें आधींच कळलेलें बरें.

त्याहून महत्त्वाचें म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्यास हात लावतांच मुंग्या आल्यासारखें वाटलें, तर बहुधा भिंतींतील तिसरी तार जोडलेली नाहीं असें समजावें. जुन्या इमारतींतून हा दोष नेहमीं आढळतो. वायरमनकडून तो आधीं दूर करवावा. तीन खिळ्यांच्या प्लगचा जाड खिळा काढून टाकण्याची जी संवय आहे ती तर सर्वथा निषिद्ध होय. विजेच्या बिलाची धास्ती मात्र अवास्तव आहे. २५० वॅटांचें यंत्र रोज तीन तास चाललें तर पाऊण युनिट, म्हणजे महिन्यास साडेबावीस युनिटें.

खरेदी व जोडणी

उल्हासनगर-कल्याणच्या दुकानांत न मिळालें तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावें. तेथील लॅमिंग्टन रोड, ज्याचें आतांचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, संगणकाच्या सामानासाठीं प्रसिद्धच आहे. कोठेंही घेतलें तरी जीएसटीची पावती घ्यावी व तीवर वस्तूचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा. 'बिलाशिवाय हजार कमी' हें आमिष म्हणजे हमीवर सोडलेलें पाणी.

जुनें कार्ड घेणें असल्यास दोन गोष्टी जाणाव्या. इथेरियम हें आभासी चलन पूर्वीं ग्राफिक्स कार्डें रात्रंदिवस राबवून मिळवीत. सप्टेंबर २०२२ मध्यें ती रीत बंद झाली, आणि राबून थकलेलीं असंख्य कार्डें बाजारांत आलीं. दुसरें, जुन्या कार्डावर नव्याचें नांव चढवून विकण्याची लबाडीही चालते. 'जीपीयू-झेड' नांवाच्या मोफत साधनानें कार्डाची खरी ओळख पटते. दुकानांतच अर्धा तास पूर्ण भारानें कार्ड चालवून दाखवावें, असा आग्रह धरावा.

जोडणी घरींही करतां येते. प्लग काढावा, अंगांतील स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यास हात लावावा, कार्ड कडांनीं धरून खांचेंत सरळ दाबावें आणि स्क्रूनें आवळावें. मग पडद्याची तार नव्या कार्डास जोडावी. ती जुन्याच जागीं राहून 'कार्ड चालत नाहीं' अशी ओरड होणें, हा प्रकार फार सामान्य आहे. पडदा जुना, निळ्या व्हीजीए तारेचा असेल तर नव्या कार्डास ती जोडणी नसते. त्याकरितां निराळा कन्व्हर्टर लागतो. एस्. एम्. पी. एस्. ची पेटी मात्र कधींही उघडूं नये. प्लग काढल्यावरही तिच्यांत तीनशें व्होल्टांवर वीज कांहीं वेळ सांठून राहूं शकते.

द्यावें कीं न द्यावें ?

शेवटीं मूळ प्रश्न उरतो. खेळ म्हणजे व्यसन, असें सरसकट म्हणणें आम्हांस पटत नाहीं. २०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत संगणकावरील खेळांस प्रथमच पदकांचा मान मिळाला. आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें जो कायदा केला, त्यांत पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी आहे, पण ई-स्पोर्ट्सना उत्तेजन आहे. द्यूत व क्रीडा यांतील हा भेद आपल्या पूर्वजांसही ठाऊक होता. शिवाय तेंच कार्ड चित्रफितीच्या संपादनास, वास्तुरचनेच्या आराखड्यांस, ब्लेंडरसारख्या मोफत साधनानें त्रिमितीय चित्रें करण्यासही उपयोगीं पडतें. वेळेचें बंधन अर्थात् घरानें घालावें. तें कार्ड नाकारून पाळलें जात नाहीं, हातांत दूरध्वनि आहेच.

म्हणून आमची सूचना अशी. मुलानें मागणी केली कीं त्यास एक कोरा कागद द्यावा. त्यावर त्यानें यंत्राचा प्रोसेसर व त्याची पिढी, मागितलेल्या कार्डाचे वॅट, सध्यांच्या पेटीवरील १२ व्होल्टांचे अँपिअर, आणि सर्वांची बेरीज व दीडपट लिहून आणावी. रोजच्या खेळाचे तासही त्याच कागदावर त्यानेंच लिहावे व खालीं सही करावी. वडिलांनीं गुणाकार तपासावा. हिशोब बरोबर असेल व घराची ऐपत असेल, तर पैसे द्यावे. आणि त्यांतील पहिले तीन-चार हजार पेटीवर खर्च व्हावे, कार्ड मागून. ऐपत नसेल तर तसें स्पष्ट सांगावें. ज्यानें स्वतः हिशोब मांडला आहे त्या मुलास नकाराचें कारणही कळतें. 'मागितलें आणि वडिलांनीं ऐकून घेतलें' ही जाणीव त्याच्याजवळ राहते, आणि तिची किंमत कोणत्याही कार्डाहून अधिक आहे.